उसण भरलेली पाठ आणि घरातली एकट्याची तालीम

मिरजेचा_हिशेबनीस

मंडळी, वय ४६, मिरज. कर सल्लागाराचं काम. जुलैत रिटर्न भरायच्या दिवसांत दहा-बारा तास खुर्ची सुटत नाही. शाळेत असताना गल्लीतल्या तालमीत जायचो, शंभर जोर सहज निघायचे. हे सांगायचं कारण म्हणजे तोच माज नडला. दिवाळीनंतर ठरवलं, पुन्हा सुरू करू. पहिल्याच दिवशी चाळीस जोर, साठ बैठका. संध्याकाळपर्यंत छाती फुगवून फिरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅसचा सिलिंडर सरकवायला वाकलो आणि उसण भरली. तसाच ओणवा, ओट्याची कड धरून. बायको म्हणते, काय हरवलंय?

चमक चार दिवसांत गेली, पण पाठ अजून फळीसारखी. मोजे घालायला पाय पलंगावर घ्यावा लागतो. एक्सरे काढला. 'वयाच्या मानाने ठीक आहे, व्यायाम करा,' असं डॉक्टर म्हणाले. कोणता, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत.

जिममध्ये जायची इच्छा नाही. माडीवर आठ बाय दहाची खोली आहे, सतरंजी आहे. पण चुकतंय का ते बघायला कोणी नाही. सध्या रोज उठल्या उठल्या वाकून पायाचे अंगठे धरायची खटपट करतो. दहा मिनिटं मोकळं वाटतं, ऑफिसात पोचेपर्यंत पुन्हा फळी. काय चुकतंय?

बारा_नमस्कार

चुकत काही नाही, कमी पडतंय. अंगठे धरण्यापेक्षा सरळ बारा सूर्यनमस्कार घाला, महिन्याभरात पाठ वेतासारखी. औंधच्या पंतप्रतिनिधींनी अख्ख्या संस्थानाला नमस्कारांची गोडी लावली, ते औंध तुमच्यापासून काही फार लांब नाही. शिवाय दाराच्या चौकटीत दांडी बसवा आणि लोंबकळा.

हाडवैद्य_नव्हे

फिजिओथेरपी हा माझा व्यवसाय आहे, पण इथे कुणाला तपासलेलं नाही, त्यामुळे आधी प्रश्न. कळ पायात उतरते का? पाऊल किंवा अंगठा उचलायला जड जातो? सकाळचा ताठपणा किती वेळ टिकतो? अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, पडून राहिल्यावर वाढत असेल आणि हालचाल केल्यावर कमी होत असेल, तर सांध्यांच्या डॉक्टरांना दाखवा. विशेषतः हे तरुणपणापासून चालू असेल तर. तो आजार वेगळा. आणि मांड्यांच्या मधे बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर इथे लिहीत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

नमस्कारांना माझा विरोध नाही, वेळेला आहे. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपण सेंटिमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच. उठल्यापासून पहिला तासभर खोल वाकणं टाळा. अंगठे धरणं आजपासून बंद.

मिरजेचा_हिशेबनीस

पायात काही नाही. ताठपणा सकाळी दहा मिनिटं, आणि पुन्हा खुर्चीतून उठताना. हे आधी कधीच नव्हतं.

गच्चीवरची_काकू

दादा, तुमची गोष्ट वाचून हसू आलं, रागावू नका. माझं वय ५८, डोंबिवली. गेल्या वर्षी गव्हाचा डबा उचलताना हेच झालं. मीही तीन महिने पाठ ताणत बसले. मग भाच्याने सांगितलं, मामी, पाठ आखडलीये ती घाबरून. तिला ताणू नकोस, आधार दे. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी कण्याचाच अभ्यास केला. त्यांचे तीन व्यायाम त्याने शिकवले आणि तो पुण्याला निघून गेला. पुढे मी एकटी.

एक, उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा, हाताचे तळवे कंबरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे जेमतेम उचलायचे. उशी काढून घेता येईल इतपतच. दोन, कुशीवर कोपराच्या आधाराने कंबर उचलायची. सुरुवात गुडघे टेकून. तिसऱ्यात माझी खरी गंमत झाली. रांगत्या बाळासारखं व्हायचं, उजवा हात पुढे, डावा पाय मागे, दहा आकडे थांबायचं. मग दुसरी बाजू. बघायला कोणी नाही ना? मी कंबरेवर पाण्याचं फुलपात्र ठेवलं. पहिल्या दिवशी गाऊन भिजला. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी लक्षात आलं, सांडतं ते डावा पाय उचलतानाच. उजव्याला एक थेंब नाही. ही खोड भाच्यालासुद्धा दिसली नव्हती.

आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडत नाही. शेजारणीला वाटायचं मी जप करते. पाच वेळा, मग तीन, मग एक, असं उतरत जायचं. दमल्यावर ढिसाळ होतं, म्हणून उतरतं.

तीन आठवड्यांनी वाकायला शिकले. वाकायला म्हणजे काय, ५८ वर्षं वाकतेच आहे, पण चुकीची. वायपरची काठी पाठीला उभी धरायची. डोकं, खांद्यांच्या मधली जागा आणि माकडहाड, तिन्हीला ती टेकलेली हवी. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभं राहायचं आणि कुल्ला मागे नेऊन भिंतीला टेकवायचा. काठी सुटली की पाठ वाकली. सुटली नाही तर पुढच्या वेळी चार बोटं आणखी पुढे उभं राहायचं.

मग वजन. डंबेल नाही आणलं. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घेतला, त्यात एक लिटर पाणी. दर आठवड्याला एक लिटर वाढवायचं. लिटर म्हणजे किलो, हिशेब तुम्हाला सांगायला नको. गंमत म्हणजे तीन लिटरला मी पाचपेक्षा जास्त दमले, अर्धा कॅन इतका डचमळतो! आता दोन भरलेले कॅन घेऊन गच्चीवर फेऱ्या मारते, कधी एकाच हातात घेते. एका हातात घेतला की दुसरी कूस आपोआप जागी होते.

किती वाढवायचं ते त्याच दिवशी ठरवू नका. व्यायाम झाल्यावर सगळेच शूर असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बेसिनवर चूळ भरायला वाकताना कसं वाटतं ते बघा. रोजच्याहून जास्त आखडलं असेल तर एक लिटर ओतून टाका, पायरी उतरा. मी तीनदा उतरले.

आणि जोर आत्ता नकोतच. जोर मारताना कंबर खाली झोळीसारखी लोंबते, तुमचं वय सोळा नाही.

बारा_नमस्कार

काकू, फुलपात्राला मानलं. नमस्कार संध्याकाळी घालून बघतो मीही.

मिरजेचा_हिशेबनीस

नऊ आठवड्यांनी परत आलोय. एक जुनी खतावणी घेतली. तारीख, किती केलं, आणि शेवटचा रकाना 'चूळ'. त्यात बरी, तशीच किंवा वाईट. पहिल्या पंधरा दिवसांत 'वाईट' फक्त दोनदा, दोन्ही रविवारच्या दुसऱ्या दिवशी. रविवारी वेळ असतो म्हणून दुप्पट करत होतो. माज जात नाही.

खुर्चीतून दर अर्ध्या तासाने उठतो. क्लायंटला वाटतं भेट संपली, तेही उठतात. हा एक अनपेक्षित फायदा.

मोजे आता उभ्याने घालतो. काल सिलिंडर आला. भरलेला म्हणजे लोखंडासकट तीसेक किलो, माझा कॅन अजून चार लिटरवर. उचलला नाही. कुल्ला मागे घेऊन, पाठ काठी लावल्यासारखी ठेवून, बुडाच्या कडेवर तिरका करून फिरवत नेला. बायको पोळ्या लाटत होती, पण लाटणं थांबलं होतं.

काकू, एक शंका. माझंही फुलपात्र डाव्याच पायाला सांडतंय. अजून.

गच्चीवरची_काकू

पूर्ण भरून कशाला ठेवता? मी अजून अर्धंच घेते.