मदत हवी आहे : ‘मॉल’ला दुकानं कधी चिकटली?

मंडळी, इंग्रजीतल्या ‘मॉल’ शब्दाचा माग काढतोय, पण मधलाच एक दुवा सापडत नाही. ‘माल मिळतो म्हणून मॉल’ ही व्युत्पत्ती ऐकायला झकास आहे, पण खरी नाही.

मूळ आहे एका इटालियन खेळात. पाल्लामाल्यो, म्हणजे चेंडू आणि लांब दांड्याची मोगरी. लंडनमध्ये तो ‘पॅल मॅल’ झाला. सॅम्युअल पेपिसने १६६१ साली सेंट जेम्स पार्कात तो पाहिल्याची नोंद रोजनिशीत केली आहे. खेळ मागे पडला, पण खेळाच्या त्या लांबलचक, झाडीच्या पट्ट्याला ‘द मॅल’ हे नाव राहिलं. पुढे फेरफटक्याची कुठलीही सावलीची वाट म्हणजे मॉल. इथवर ठीक.

मग १९५६ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या इडायना इथे साउथडेल हे खरेदी-केंद्र उघडलं. व्हिक्टर ग्रुएनने आखलेलं, छताखालचं, वातानुकूलित. या दोहोंच्या मधे काय घडलं? आधी दुकानांमधल्या पायवाटेला मॉल म्हणत आणि मग अख्ख्या इमारतीला, असा माझा अंदाज. याला आधार देणारा जुना छापील उल्लेख कुणाच्या पाहण्यात आहे का? आणि लंडनचा ‘मॅल’ बाकी सगळीकडे ‘मॉल’ कसा झाला, तेही सांगा.