पाम बीचवर पिऊन पकडलो, दंड भरला. आता कॅनडाने का अडवावं?

खारघरकर५४
३१ डिसेंबर २०२२. नेरूळला मित्राकडे बसलो होतो. बारा वाजून गेल्यावर पाम बीच रोडने घरी निघालो, तर किल्ला जंक्शनच्या अलीकडे नाकाबंदी. हवालदारांनी यंत्र पुढे धरलं, फुंकलो. पावतीवर आकडा आला ५८. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की कलम १८५. गाडी तिथेच ठेवावी लागली. पुढे बेलापूरच्या कोर्टात गुन्हा कबूल केला, १०,००० रुपये दंड भरला, लायसन्स सहा महिने निलंबित झालं. त्या रात्रीनंतर पिऊन स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

मुलगी कॅल्गरीला असते. जूनमध्ये तिच्याकडे जायचं, बँफ आणि लेक लुईस बघायचं ठरलंय. व्हिजाच्या अर्जात सरळ विचारलंय की कुठल्याही देशात कधी गुन्हा, अटक, आरोप, शिक्षा वगैरे झालं आहे का. एजंट म्हणतो, 'नाही' लिहा, इथलं तिथे कोण बघतंय. मुलगी म्हणते, बाबा, खरं लिहिलंत तर नाकारतील.

माझं म्हणणं एवढंच आहे की चुकलो, शिक्षा भोगली, विषय तिथेच संपला. एकाच गुन्ह्याची शिक्षा दुसऱ्या देशाने परत का द्यावी? मला तिथे गाडी चालवायचीच नाहीये. तळं बघायचंय.

घोडबंदर_रोजचा
काका, शंभर टक्के बरोबर. कॅनडात फौजदारी गुन्ह्याची मर्यादा ८० आहे. तुम्ही ५८! त्यांच्याकडे हाच आकडा आला असता तर बहुतेक प्रांतांत गाडी चालवायला काही दिवस बंदी आणि दंड, एवढ्यावर भागलं असतं. कोर्टाची पायरीही चढावी लागली नसती. म्हणजे आपला कायदा जास्त कडक, म्हणून आपल्या माणसाला त्यांनी गुन्हेगार ठरवायचं? एजंट सांगतोय ते करा. १०,००० च्या पावतीसाठी मुलीचं घर बघायचं राहून जाईल.

कोपरीची_ताई
मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. अठरा वर्षांत एकतीसची रात्र बहुतेक वेळा ड्युटीवरच काढली. एका १ जानेवारीला पहाटे एका मुलीचं हेल्मेट काढत होते. ती मागे बसली होती, धडक देणारा पिऊन होता. पट्टा कापला, हेल्मेट अलगद वर घेतलं, तर तिच्या कानातला डूल आतल्या स्पंजात अडकून हेल्मेटबरोबरच वर आला. तो डूल मी कागदात गुंडाळून तिच्या आईच्या हातात दिला. मुलगी वाचली नाही.

काका, तुम्ही मनाने वाईट आहात असं मी म्हणत नाही. पण कॅनडा तुम्हाला शिक्षा देत नाहीये. घर त्यांचं आहे, कोणाला आत घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं. आपण सोसायटीत भाडेकरू ठेवताना चौकशी करतो, पोलीस पडताळणी करून घेतो. ते चालतं, मग हे का नाही?

घोडबंदर_रोजचा
ताई, तुम्ही जे पाहिलंत त्यापुढे मी काय बोलणार? पण माणूस मारणारा आणि नाकाबंदीत सापडलेला, दोघांना एकाच तराजूत तोलायचं का? काकांनी कोणाला साधा ओरखडाही काढलेला नाही.

कोपरीची_ताई
नाकाबंदी किल्ला जंक्शनला होती म्हणून गाडी तिथे थांबली. पुढे खारघरपर्यंतचा रस्ता बाकीच होता. त्या रस्त्यावर त्या वेळी कोण चालत होतं, कोण स्कूटरवर होतं, तुम्हाला ठाऊक आहे का? मला नाही.

बेलापूर_कोर्टनाका
वकिली करते, म्हणून कायद्याचं तेवढं बोलते. कॅनडाचा इमिग्रेशन कायदा इथे किती दंड झाला ते बघत नाही. हेच कृत्य तिथे केलं असतं तर जास्तीत जास्त किती शिक्षा झाली असती, ते बघतो. १८ डिसेंबर २०१८ पासून त्यांनी ती कमाल शिक्षा ५ वरून १० वर्षांवर नेली, आणि त्या दिवसापासून हा 'गंभीर गुन्हा' झाला. त्याआधीचा एकच गुन्हा असेल तर १० वर्षांनी माणूस सुधारला असं सहसा आपोआप धरत. नंतरच्यांना ती सोय नाही. शिक्षा पुरती संपून ५ वर्षं झाल्यावर स्वतः अर्ज करायचा. काकांचं लायसन्सचं निलंबन संपल्यापासून मोजलं तर २०२८ उजाडेल. त्याआधी तात्पुरता परवाना मागता येतो, पण तिथे जाणं किती गरजेचं आहे ते पटवावं लागतं. डोंगर बघायचेत, एवढं कारण लंगडं पडतं.

आता ५८ चं. घोडबंदरवाल्यांचा मुद्दा हवेतला नाही. तिथे गुन्हाच ठरत नसेल तर अडवायला आधारच राहत नाही. मात्र दारूमुळे गाडी चालवण्याची क्षमता कमी झाली होती, असा तिथे वेगळा गुन्हा आहे आणि त्याला आकडा लागत नाही. म्हणून कागद हवेत. कोर्टाच्या हुकमाची सर्टिफाइड नक्कल आणि यंत्राची ती पावती जोडा, गाडी सरळ येत होती, फक्त तपासणीसाठी थांबवली, असं असेल तर तेही लिहा. तरी निर्णय अधिकाऱ्याचा.

आणि कृपा करून 'नाही' लिहू नका. खोटं उघडकीला आलं तर ५ वर्षांची बंदी, तीही फक्त खोटं बोलल्याबद्दल. अर्जाखाली सही तुमची असते, एजंटची नव्हे.

ऐरोली_ते_जर्सी
इथे अमेरिकेत एकदा पिऊन गाडी चालवल्याने सहसा दार कायमचं बंद होत नाही. पण गेल्या ५ वर्षांतलं प्रकरण असेल तर व्हिजा अधिकारी आधी ठरलेल्या डॉक्टरांकडे पाठवतो, हातातला व्हिजाही रद्द होऊ शकतो. कॅनडाचं वेगळं. आमच्यातल्या एकाला जर्सीत शिक्षा झाली होती. सगळे नायगाराला गेलो. त्याची बायको-मुलं रेनबो ब्रिजवरून पलीकडे गेली, तो अलीकडच्या कठड्याला उभा. मुलगा पलीकडून फोन करून सांगत होता, बाबा, इथून घोड्याच्या नालेसारखा अख्खा धबधबा दिसतोय.

त्या दिवशी मला त्याची दया आली. कोपरीच्या ताईंचं वाचून गप्प झालो, तरीही माझं मत बदललेलं नाही. १० वर्षं नीट वागलेल्या माणसाला आपोआप मोकळं करण्याची जुनी रीत जास्त न्यायाची होती. सुधारलेल्या माणसाने स्वतःच्या चांगुलपणाचे पुरावे गोळा करत हिंडायचं आणि वर हजार डॉलरच्या पुढे फी भरायची, हे मला पटत नाही.

कोपरीची_ताई
दहा वर्षांनी मोकळं करा, माझी हरकत नाही. काकांना अजून दहा झालेली नाहीत.

खारघरकर५४
सगळ्यांचं दोनदा वाचलं. एजंटला सकाळी फोन करून सांगितलं, 'हो'च लिहायचं. तो म्हणाला, मग माझ्याकडून अर्ज जाणार नाही. नको जाऊ दे. मी स्वतः भरेन.

ताई, किल्ला जंक्शनपासून घरापर्यंतचा तो रस्ता मी इतक्या वर्षांत कधी डोक्यात घेतलाच नव्हता. रात्री बायकोला तुमची डुलाची गोष्ट सांगायला गेलो, पुरी सांगता आली नाही. नियम मला अजूनही जाचकच वाटतो, ते लपवत नाही. पण 'विषय संपला' असं मी वर लिहिलंय, ते मागे घेतो.

वकीलताई, पावती गाडीच्या कागदांत सापडली. शाई उडत चाललीय, तारीख गेलीय, ५८ तिरपं धरलं की दिसतं. चालेल का?

बेलापूर_कोर्टनाका
आजच्या आज तिची झेरॉक्स काढा, मोबाईलवर फोटोही घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, उरलंसुरलंही उडेल. कोर्टात नकलेचा अर्ज करताना नुसता हुकूम मागू नका, पोलिसांनी दाखल केलेल्या कागदांचीही नक्कल मागा. आकडा त्यात असायला हवा. केस नंबर नसेल तर दंडाच्या पावतीवर बघा.