छऱ्याच्या बंदुकीची नळी घरी कापली तर बिघडलं कुठे? (चर्चा)

तापीथडी, रावेर

माझ्याकडे नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली एअरगन आहे. नळीच्या भोकाचा व्यास 4.5 मिमी. आठ वर्षांपूर्वी पावती करून, ओळखपत्राची प्रत देऊन घेतली. केळीच्या बागेमागे मातीचा बांध आहे, त्याला कागद लावून सुट्टीच्या दिवशी नेमबाजी करतो. कुठल्याही जिवावर कधी धरली नाही.

अडचण अशी की पंधरा मीटरवर छर्रे जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरतात. नळीचं तोंड एका बाजूला घासलेलं दिसतं. तेवढा दीड-दोन इंचाचा तुकडा कापून मित्राच्या लेथवर तोंड नीट करून घ्यायचा विचार आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे सुटणाऱ्या छऱ्याची ऊर्जा 20 जूलपर्यंत आणि व्यास 4.5 मिमीपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मी व्यास बदलत नाही, स्प्रिंगला हात लावत नाही, ताकद वाढवत नाही. मर्यादेच्या आत राहून माझ्याच वस्तूवर काम करायला हरकत काय? आपण खान्देशी माणसं मोटर, पेरणी यंत्र, ठिबकचा फिल्टर सगळं घरी उघडतो. बंदूक म्हटली की मात्र लोक दोन पावलं मागे सरकतात.

कोर्टाची_पायरी, धुळे

तुम्ही बाळगण्याचा नियम वाचलात, कापण्याचा वाचला नाही. शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 6 उघडा. अग्निशस्त्राची नळी आखूड करायची तर परवाना हवा, असं तिथे स्पष्ट आहे. आता म्हणाल की माझी तर हवेची बंदूक, अग्निशस्त्र कुठे? कलम 2 मधली व्याख्या पाहा. स्फोटकाने ‘किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेने’ गोळी फेकणारं ते अग्निशस्त्र. दाबलेली हवा या ‘अन्य’मध्ये बसते.

2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 6 मोडण्याची शिक्षा किमान 7 वर्षं आहे, कमाल जन्मठेप. 20 जूलच्या आतल्या एअरगनला ही शिक्षा लावणं योग्य नाही, असा युक्तिवाद करता येईल. मीही तो करेन. पण तो गुन्हा दाखल झाल्यावर करायचा असतो, आणि तोवर तुमची बाग, घर, पोराची नोकरीची पडताळणी सगळं लटकलेलं असतं. सातपुड्याच्या पलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांमुळे चोपडा-रावेर पट्ट्यात पोलीस आधीच सावध असतात. त्यांच्या हाती कापलेल्या नळीचा तुकडा लागला, तर तुमचा हेतू त्यावर लिहिलेला नसतो.

तापीथडी, रावेर

व्याख्या मान्य. पण परवाना लागत नाही असं सरकारनेच ठरवलेली वस्तू नळीच्या कलमासाठी मात्र पिस्तुलाच्या रांगेत बसवायची, हा न्याय मला पटत नाही. आणि मी ती लपवायला आखूड करत नाहीये. दोन इंच गेल्यावरही ती खांद्याला लावायची लांब बंदूकच राहणार.

काळी_माती, अमळनेर

तापीथडी भाऊंना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. आमचा मका दाण्यात आला की पोपटांचे थवे उतरतात. कणसाचं वरचं टोक सोलून अर्धं खातात, अर्धं खाली टाकतात. रात्री डुकरं. पंचनाम्याची वाट पाहत हंगाम निघून जातो. दुकानातली बंदूक चाळीस पावलांवर फुसकी. शेतकऱ्याने नळीत, स्प्रिंगमध्ये सुधारणा करून तिला जरा जोर आणला तर त्याला गुन्हेगार का म्हणायचं? एसीत बसून 20 चा आकडा ठरवणाऱ्यांनी एक रात्र माळ्यावर काढावी.

सातपुडा_पायवाट, यावल

तुमचं नुकसान खरं आहे. मी ते पाहिलंय आणि त्यावर वाद घालणार नाही. पण पोपट वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नसुद्धा येतो. म्हणजे 5 जूलची बंदूक असो की 25 ची, पोपटावर रोखली तिथेच गुन्हा. जोर वाढवून कायद्याच्या बाजूने एक तसूही फरक पडत नाही.

आणि पक्षी जागेवर मरत नाही हो. छर्रा पोटात घेऊन तो उडतो आणि दोन शेतं पलीकडे बाभळीत पडतो. मी असे हरियाल उचललेत. आपल्या राज्याचा पक्षी, हिरव्या-पिवळ्या पंखांचा, हातात धरला की काळजाची धडधड बोटांना कळते. डुकराला तर छर्रा नुसता चिडवतो. चकाकणारी पट्टी, गोफण, आळीपाळीने राखण यात कष्ट आहेत, मान्य. पण बंदुकीची नळी हे त्यावर उत्तर नाही.

काळी_माती, अमळनेर

आळीपाळीने राखण करायला माणसं आणा कुठून? पोरं पुण्याला. तुम्ही हरियाल हातात धरलात, मी मोकळं कणीस धरतो. तरी पोपटावर नेम धरणं गुन्हा आहे हे मला माहीत नव्हतं. हवेची बंदूक म्हणजे सगळं माफ, असंच गावात समजतात.

वरणगावकर

मी कायद्याचा माणूस नाही. दारूगोळ्याच्या कामात आयुष्य गेलं, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजायची सवय हाताला लागली. म्हणून तापीथडी, तुम्हाला कारागिरीच्या बाजूने विरोध करतो.

स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे येतो, हवा क्षणभर दाबली जाते आणि छऱ्याला धक्का बसतो. तो धक्का नळीच्या पहिल्या काही इंचांतच संपतो. पुढची नळी छऱ्याला फक्त वाट दाखवते. म्हणजे दोन इंच कापून ताकद वाढणार नाही, हे तुमचं बरोबर. पण मोडून भरायच्या बंदुकीत नळी हाच तरफेचा दांडा असतो. तो आखूड झाला की स्प्रिंग दाबायला जास्त जोर लागतो, हात निसटतो. नळी उघडी असताना घोडा सुटला तर ती फटकन वर येते. बोटं तुटतात आणि नळी वाकते ती वेगळीच.

पुढचं साइट, म्हणजे नेम धरायची खूण, त्याच टोकाला असतं. ते काढून मागे बसवताना जरा तिरकं झालं तर पंधरा मीटरवर नेम चुकतो. आणि खरी मेख तोंडाची. छर्रा बाहेर पडताना त्याच्या मागची हवा चहूबाजूंनी एकाच क्षणी सुटली पाहिजे. करवतीने कापलेलं तोंड थोडं जरी कललं, तर एका बाजूने हवा आधी सुटते आणि छऱ्याला झोका देते. लेथवर नळी बाहेरून धरतात. स्वस्त नळीत आतलं भोक बाहेरच्या गोलाईशी नेमकं मध्यावर असेलच असं नाही. मग तुम्ही बाहेरच्या मापाने सरळ आणि आतल्या मापाने वाकडं कापाल.

तोंड घासलंय हे तुम्ही डोळ्याने ठरवलंत. त्याआधी हे पाहा. खांद्याला टेकवायच्या दांड्याचे स्क्रू ढिले आहेत का? स्प्रिंगच्या दणक्याने ते सुटतातच. नळीच्या बिजागरीला हात लावून हलवा, डुगडुगते का? नळीत शिसं साचलंय का? सुती चिंधी मागून पुढे ओढा, काळी निघेल. मग दोन-तीन प्रकारचे छर्रे वापरून पाहा, प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. आणि तेल भसाभस ओतू नका. दाबाच्या खोलीत तेल गेलं की ते पेटतं, मोठा आवाज होतो, धूर दिसतो. पोरांना वाटतं बंदूक तगडी झाली. प्रत्यक्षात वॉशर आणि स्प्रिंग खलास होतात. त्या एका बारात ऊर्जाही कुठे जाईल याचा नेम नाही.

दहा_मीटर, जळगाव

वरणगावकर काकांच्या शेवटच्या वाक्यावर थांबते. ‘मर्यादेच्या आत’ सगळे म्हणतात, पण मोजलं कुणी? वेग मोजायचं यंत्र घरी किती जणांकडे आहे? छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर सेकंदाला 283 मीटर वेगाला 20 जूल होतात. खोक्यावर ‘1000 फूट’ छापलेलं असतं, म्हणजे सेकंदाला साधारण 305 मीटर. तो वेग बहुधा हलक्या छऱ्यावर मोजलेला असतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरंच त्या वेगाने गेला तर 23 जूल होतील. एकच बंदूक, छर्रा बदलला की आकडा बदलतो.

मी मुलींना 10 मीटर एअर रायफल शिकवते. रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो. तो गाठायला स्पर्धेची रायफल सात-आठ जूलच्या आसपास पुरते. नेम सुधारायचाय ना भाऊ? मग श्वास, गाल टेकवण्याची जागा, घोड्यावरचं बोट यावर सहा महिने घाला. आमच्याकडे येणारे निम्मे लोक बंदुकीला दोष देतात. टेकूवर ठेवून मी पाच छर्रे मारले की बंदूक निर्दोष सुटते.

पांझरा_काठ

भाऊ, कायदानं मन्हा डोकावरथून गयं, पन एक सांगस. मन्हा भाचाना डोयाले छर्रा लागेल शे.

पुढचं मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. लग्नघर होतं. बंदूक कोपऱ्यात उभी, नळी बंद. सगळ्यांना वाटलं रिकामी आहे. कुणीतरी आधी भरून ठेवली होती. माझ्या सात वर्षांच्या भाच्याचा उजवा डोळा गेला. त्याला 20 जूल लागले नाहीत, ती साधी, कशाला हात न लावलेली बंदूक होती. तुम्ही सगळे नळी कापायची की नाही यावर बोलताय. माझ्या मते भरलेली कुठे ठेवता, कुलूप आहे का, हे आधी विचारा. मला विचाराल तर घरात नकोच.

तापीथडी, रावेर

पांझरा_काठ, वाचून हात थांबला. माझी कपाटात कुलपात असते आणि भरलेली कधीच नाही. पण पुतणे सुट्टीत येतात, किल्ली खुंटीलाच असायची. आज ती जागा बदलली.

रविवारी वरणगावकर काकांनी सांगितलं तसं केलं. दांड्याचा पुढचा स्क्रू दीड आटा ढिला होता. चिंधी चार वेळा काळी निघाली. त्याच पंधरा मीटरवर आता दहापैकी आठ छर्रे चहाच्या बशीत बसतात. म्हणजे कापायची गरज नव्हती, हे कबूल.

मूळ मुद्दा मात्र मी सोडत नाही. उद्या नळीचं तोंड खरंच खराब झालं, तर माझ्यासारख्याने जायचं कुठे? रावेरात तर नाहीच, जळगावातही मी विचारलेल्या दोन ठिकाणी ‘एअरगनचं काम घेत नाही’ म्हणाले. रस्ता बंद ठेवायचा आणि आडवाटेने गेलं की कलम लावायचं, हे चूकच.

कोर्टाची_पायरी, धुळे

शस्त्र दुरुस्तीचा परवाना असलेला कारागीर शोधा, दूरचा असला तरी. नळी बदलायची तर मूळ मापाची, कंपनीचीच घ्या आणि पावती बंदुकीच्या पावतीला टाचून ठेवा. एअरगनसाठी वेगळी, स्पष्ट तरतूद हवी, ही तुमची मागणी रास्त आहे. निवेदनाचा मसुदा करायला मी तयार आहे. पण तो मंजूर होईपर्यंत करवत बाजूला ठेवा.

काळी_माती, अमळनेर

निवेदनात पिकाच्या भरपाईचंही एक कलम घाला. सही करायला आमच्याकडचे पन्नास जण मी आणतो.