मदत हवी आहे : सदाफुली माना टाकतेय, पाणी देऊनही

भुसावळची_बाग : सदाफुली पटापट सुकतेय. दहा लावली होती, सहा गेली. रोज संध्याकाळी पाणी देते, तरी सकाळी माना टाकलेल्याच. कोणतं औषध मारू? लवकर सांगा, उरलेली चारही जातील.

काळी_माती : ताई, कुंडीत की जमिनीत? माती कोणती? आधी पानं पिवळी पडली की हिरवं झाडच लोंबलं?

तापीकाठ : पाणी कमी पडतंय. ड्रिप टाका, झाडामागे तासाला चार लिटरचा एक ड्रिपर.

काळी_माती : भाऊ, ड्रिप केळीला ठीक आहे. सदाफुली मूळची मादागास्करची, एकदा रुजली की आठवड्यातून एक पाणीही पुरतं.

भुसावळची_बाग : जमिनीत, काळी माती. भिंतीला लागून, आळं करून. हिरवी असतानाच लोंबली.

मुरूम : मग ही तहान नाही, मूळकूज असणार. मेलेलं एक झाड उपटून मूळ चिमटीत धरून ओढा. साल सुटून आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर नक्कीच. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतही झाड तहानलेलं दिसतं. आपण अजून पाणी घालतो आणि रोग शेजारच्या झाडात जातो.

पाणी आजच बंद करा. आळी मोडा. मेलेली झाडं मुळांसकट काढून फेका, कंपोस्टात नको. वरची माती जरा सुकली की उरलेल्या चारांच्या बुडाशी मेटॅलॅक्सिल-मँकोझेब हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम, अर्धा अर्धा लिटर ओता. हातमोजे घाला. निरोगी झाडाचे 8-10 सेंमीचे शेंडे कापून कुंडीत लावून ठेवा, झाडं गेली तरी जात टिकेल.

गिरणा_पट्टा : औषध कशाला? शेण-गोमूत्राचं जीवामृत घाला. आणि मातीत थोडी वाळू मिसळा.

मुरूम : कुजत्या मुळाशी आणखी ओल नको. आणि थोड्या वाळूने काळी माती सुधारत नाही, वाळल्यावर विटेसारखी होते. नऊ इंच उंच गादीवाफा करा : दोन घमेली मुरूम, एक माती, एक पूर्ण कुजलेलं शेणखत. झाडांत एक फूट अंतर. मेलेल्या जागी लगेच सदाफुली लावू नका.

काळी_माती : युरियाही नको, कोवळी वाढ लवकर सडते. पुढे पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत होते. तो रोग समजू नका.

नंदुरबार_७ : सदाफुलीची पानं सकाळी चावली की साखर उतरते म्हणतात. किती घ्यायची?

काळी_माती : एकही नाही. यातल्याच व्हिंक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन या द्रव्यांपासून कर्करोगाची औषधं बनतात, ती डॉक्टर रक्त तपासत मोजून देतात. पानात मात्रा मोजता येत नाही. साखरेसाठी डॉक्टरांकडे जा.

तापीकाठ : मी तर म्हणतो बोगनवेल लावा.

भुसावळची_बाग : एक उपटलं. साल सुटली, दोरा उरला. पाणी बंद केलंय. पण भिंतीवरच्या पन्हाळीचं पाणी तिथंच पडतं, हे सांगायचं राहिलं.

मुरूम : मग आधी पन्हाळ वळवा. नाहीतर गादीवाफाही तसाच भिजत राहील.