लक्ष नसलं तर आवाज मेंदूपर्यंत पोचतो का?

पुस्तकीकिडा: वाचनात डोकं असलं की घरचे हाका मारतात आणि मला खरंच ऐकू येत नाही, नाटक नाही करत. अशा वेळी ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद) काढला तर आवाजाची नोंद दिसेल का, की कानातच गाळला जातो?

कानसेन: दिसेल. पण बारीक दिसेल. १९७३ मध्ये हिलयार्ड नावाच्या मेंदूसंशोधकाने आणि मंडळींनी यावर भारी प्रयोग केला, एका कानात ८०० हर्ट्‌झच्या टिकटिकी, दुसऱ्यात १५०० च्या, भराभर आणि कुठल्या कानात कधी येईल नेम नाही, मधूनच एखादी किंचित वरच्या सुराची, आणि सांगितलेल्या कानातल्या तेवढ्या मोजायच्या. आवाज तेच, फक्त लक्षाचा कान बदलायचा. तर आवाजानंतर साधारण ८० ते ११० मिलिसेकंदांनी नोंदीत जी ऋण, म्हणजे वजा व्होल्टेजची लाट येते (एन१ म्हणतात तिला), ती लक्ष असलेल्या कानाच्या टिकटिकीला मोठी आली. क्रम असा बेभरवशाचा ठेवला तेच तर डोकं, नाहीतर कोणीही म्हटलं असतं की माणूस आधीच सावध होऊन बसला होता म्हणून लाट वाढली.

शंकासूर: एका टिकटिकीवर मेंदूच्या गोंगाटात काय कळणार? लाट काही मायक्रोव्होल्टची, मेंदूची आपली खळबळ त्याहून जास्त.

कानसेन: म्हणून शेकडो वेळा वाजवून सरासरी काढतात. खळबळ एकमेकांत वजा होते, आवाजाला बांधलेली लाट तेवढी उरते.

पुस्तकीकिडा: बरं, मग कानात गाळणी नाहीच?

ऑडिओताई: निदान ठळक तरी नाही. पहिल्या १० मिलिसेकंदांत ब्रेनस्टेममधून (मेंदूचा मणक्याकडचा देठ) ज्या लाटा येतात त्या लक्ष असो नसो जवळपास तशाच राहतात, म्हणून तर झोपलेल्या तान्ह्या बाळाची श्रवणचाचणी करता येते, त्याला काय सांगणार लक्ष दे म्हणून! आणि पुढेही सगळं बंद नसतं. तू पुस्तक वाचत असशील आणि एकसारख्या सुरांत एक वेगळा आला तर साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांत 'मिसमॅच निगेटिव्हिटी' नावाची, वेगळेपणा टिपणारी लाट उमटते, तुला पत्ताही नसतो. पी३०० ही नंतरची, ३०० च्या आसपासची लाट मात्र बहुतेक वेळा तू दखल घेतलीस तरच नीट येते. म्हणजे हाक पोचते रे, तू घेत नाहीस.

पुस्तकीकिडा: हे घरी दाखवणार नाही 😅