गाडी मधेच बंद पडते आणि गॅरेजमध्ये नेली की शहाणी होते

(डेट्रॉईटच्या मराठी मंडळातल्या मेल, प्रेषकाच्या जागी ज्याचं त्याचं गाव.)

प्रेषक: कॅन्टन
विषय: जुनी गाडी मधेच बंद पडते, कोणाला कळतं का यातलं?

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या जेवणाच्या साइन-अपवाल्या मेलमध्ये हे घुसडायला नको म्हणून वेगळी मेल टाकतेय. आमच्या मुलाकडे २००१ ची जपानी सेडान आहे, चार सिलिंडर, ऑटोमॅटिक, पावणेदोन लाख मैल झालेत, आधी ह्यांनी ऑफिसला दामटली आणि आता तो अ‍ॅन आर्बरला कॉलेजला नेतो. तर ही गाडी आठवडाभर मस्त चालते आणि मग एक दिवस एम-१४ फ्रीवेवर सत्तरच्या स्पीडला मधेच बंद पडते, तो कसाबसा शोल्डरला घेतो, सेल्फ मारत बसतो, इंजिन नुसतं फिरतं पण पेटत नाही, आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. शिवाय गेल्या थंडीत सकाळी चालूच व्हायची नाही, नुसती खट् खट्, जंप दिला की व्हायची. म्हणजे दुखणं जुनंच आहे आणि वाढत चाललंय. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग प्लग, मग फ्युएल फिल्टर, आता म्हणतो फ्युएल पंप, सातशे डॉलर. चेक इंजिनचा लाइट लागत नाही त्यामुळे बिघाडाचा कोड नाही, आणि त्याच्याकडे नेली की गाडी पाहुण्यांसमोर शहाण्या होणाऱ्या पोरासारखी वागते. बदलू का पंप? आणि तोपर्यंत पोराला ही चालवू द्यावी का, मला तर झोप नाही.

प्रेषक: ट्रॉय
विषय: उत्तर: जुनी गाडी मधेच बंद पडते

वहिनी, २००१ ची गाडी, तिची किंमत ती काय आणि त्यात सातशेचा पंप! देऊन टाका डोनेशनला आणि पोराला एखादी सात-आठ वर्षं जुनी घ्या. डेट्रॉईटच्या मंडळात निम्मे लोक गाड्यांच्या धंद्यात आणि ह्यांची गाडी रस्त्यात उभी, बरं दिसतं का ते :)

प्रेषक: फार्मिंग्टन हिल्स
विषय: उत्तर: उत्तर: जुनी गाडी मधेच बंद पडते

अहो, ही तर आमच्या प्रीमियर पद्मिनीची गोष्ट! उन्हाळ्यात खंबाटकी चढताना हटकून बंद पडायची. पंप इंजिनलाच बसवलेला, तो तापला की आत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसता वाफ ढकलत बसायचा. मग बॉनेट उघडायचं, ओला फडका पंपावर ठेवायचा, एक चहा घ्यायचा, की झाली चालू. काही जण तर मे महिन्यात फडका गुंडाळूनच निघायचे. तुमच्याकडेही तापल्यावरच होतंय, तर पेट्रोलचीच भानगड असणार. पंप बदलून टाका, गॅरेजवाला बरोबर बोलतोय.

प्रेषक: नोवाय
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जुनी गाडी मधेच बंद पडते

ताई, पंप लगेच बदलू नका. मी रिटायर होईपर्यंत इंजिन कॅलिब्रेशनमध्येच होतो, त्यामुळे जरा लांब लिहितोय, चहा घेऊन वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही एका मेलमध्ये दोन आजार लिहिलेत. "सेल्फ फिरतो पण पेटत नाही" हा एक आणि "नुसती खट् खट्, सेल्फच फिरत नाही" हा दुसरा. दुसऱ्याचा पेट्रोलशी काही संबंध नाही, तो बॅटरी, केबल, अर्थिंग किंवा स्टार्टर यातला आहे. दोन्ही एकाच गाडीत झाले म्हणून त्यांचं कारण एक असायलाच पाहिजे असं नाही, आणि तुमच्या गॅरेजवाल्याचं इथेच बिनसलंय, तो दोघांना मिळून एक औषध शोधतोय. थंडीचं नंतर बघू, आधी रस्त्यात बंद पडण्याचं, कारण ते धोक्याचं आहे.

आता पंप. पद्मिनीचा पंप इंजिनवर होता, हिचा टाकीत पेट्रोलमध्ये बुडलेला आहे आणि लाइनमध्ये चाळीस-पन्नास पीएसआय प्रेशर असतं, तिथे वाफ होणं सोपं नाही. मात्र म्हातारा झालेला इलेक्ट्रिक पंपसुद्धा तापल्यावर अडकतो आणि थंड झाला की चालतो, तेव्हा संशयितांच्या यादीत तो आहेच. त्याच यादीत क्रँकशाफ्टचा सेन्सर आहे (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा), स्पार्क देणारी इग्निशन कॉइल आणि तिचं मॉड्यूल आहे, करंट पोचवणारा मेन रिले आहे, इग्निशन स्विच आहे. हे सगळेच तापल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर सुतासारखे सरळ होतात. कॉइलची तार आत तुटलेली असते, गरम झाली की फट पडते, थंड झाली की टोकं परत चिकटतात. रिलेच्या सोल्डरला केसाएवढी चीर असते, तिचंही तेच. फोर्डचं थिक फिल्म इग्निशन मॉड्यूल आठवतंय का कोणाला, डिस्ट्रिब्युटरवर बसवलेलं, तिथे तापायचं आणि चालती गाडी बंद पडायची, त्यावर कॅलिफोर्नियात गाडीवाल्यांनी मिळून खटला भरला, म्हणजे क्लास अ‍ॅक्शन झाली आणि २००१ मध्ये सेटलमेंट. मोठमोठ्या लोकांना जे लवकर सापडत नाही ते गार गाडी बघून गॅरेजवाल्याला कसं सापडणार. म्हणून पार्ट बदलत बसण्यात अर्थ नाही, बंद पडलेली असताना तिला पकडलं पाहिजे. तेव्हा काय येत नाहीये, पेट्रोल की स्पार्क, एवढंच बघायचं.

पोराला हे सांगा. एक, बंद पडते कशी? आधी गचके खाते, ओढ जाते, मग मरते? तर पेट्रोलकडे बघा. एकदम टक्कन बंद? तर इलेक्ट्रिकल. आणि सिग्नलला थांबताना आयडल खाली खाली जाऊन मरत असेल तर ते तिसरंच, थ्रॉटल बॉडीत कार्बन नाहीतर आयडलचा व्हॉल्व्ह, पण तुमची सत्तरला मरते त्यामुळे ते सोडा.

दोन, आरपीएमचा काटा बघायचा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. सत्तरला पेट्रोल बंद झालं तरी चाकं इंजिनाला फिरवत राहतात, त्यामुळे काटा गाडीच्या स्पीडबरोबर सावकाश खाली येतो. गाडी साठने घरंगळतेय आणि काटा मात्र धपकन शून्यावर, असं झालं तर इंजिन फिरतंय पण कॉम्प्युटरला ते दिसत नाहीये. नंतर सेल्फ मारतानाही काटा जरासा हलला पाहिजे. काही गाड्यांत काटा कॉइलवरून चालतो, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा वीस-पंचवीस डॉलरचा ब्लूटूथ डोंगल घ्या, १९९६ पासूनच्या इथल्या सगळ्या गाड्यांना स्टिअरिंगखाली त्याचं सॉकेट आहे, आणि फोनवर सेल्फ मारताना लाइव्ह आरपीएम बघा. दीडशे-दोनशे दिसायला हवा. शून्य दिसला तर क्रँक सेन्सर किंवा त्याची वायर.

तीन, किल्ली ऑनवर नेली की मागच्या सीटखालून दोन सेकंद घुंईं असा आवाज येतो का? येतो तर पंप आणि रिले निदान जिवंत आहेत. मात्र क्रँक सेन्सर गेला असेल तर सेल्फ मारताना कॉम्प्युटर स्वतःच पंप बंद ठेवतो, स्पार्कही देत नाही, आणि मग तपासणारा म्हणतो प्रेशर नाही, पंप गेला. कित्येक चांगले पंप असेच कचऱ्यात जातात.

लाइट का लागत नाही विचाराल तर सिग्नल गायब होणं आणि इंजिन बंद होणं हे कॉम्प्युटरला बऱ्याचदा सारखंच दिसतं, त्यामुळे तो तक्रारच करत नाही.

आणि चालवू द्यावी का? फ्रीवेवर नको. गावात चालवावीच लागली तर चालत्यात बंद पडल्यावर काय करायचं ते पार्किंग लॉटमध्ये एकदा करून बघू दे. हॅझर्ड लावायचे, स्टिअरिंग जड होतं पण फिरतं, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच शिल्लक असतो म्हणून पुन्हा पुन्हा न मारता ब्रेक एकदाच घट्ट दाबायचा, आणि गाडी थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल.

प्रेषक: ट्रॉय
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: जुनी गाडी मधेच बंद पडते

काका, एवढं लिहिलंत पण इग्निशन स्विच एका शब्दात उडवलात. २०१४ चा जनरल मोटर्सचा रिकॉल विसरलात का, किल्लीच्या जुडग्याच्या वजनाने किंवा गुडघा लागून स्विच ऑनवरून सरकायचा, इंजिन बंद, एअरबॅगही बंद, माणसं गेली त्यात. वहिनी, पोराच्या किल्लीला काय काय लटकवलंय ते आधी बघा. आणि फेडरल साइटवर गाडीचा व्हीआयएन नंबर टाकून राहिलेला रिकॉल आहे का तेही बघा, रिकॉलचं काम फुकट होतं.

प्रेषक: कॅन्टन
विषय: उत्तर: जुनी गाडी मधेच बंद पडते (व्हिडिओ मिळाला!)

काका, खूप खूप आभार. किल्लीला घराची किल्ली, जिमचं कार्ड आणि आजीने दिलेला पितळी गणपती आहे, गणपती चांगला वजनदार आहे, तो सध्या काढून ठेवलाय. रिकॉल काही निघाला नाही.

फ्रीवे नको म्हणालात म्हणून हे स्वतः फोर्ड रोडवर दुपारच्या उन्हात एसी लावून, सिग्नलला थांबत थांबत फिरले, मी शेजारी फोन धरून (ह्यांना वाटत होतं मी जीपीएस बघतेय). आणि पडली एकदाची बंद! गचके नाहीत, एकदम टक्कन. काटा आधी शून्यावर आला, गाडी पुढे घरंगळत होती, मग ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. रेडिओ चालू, एसीचा पंखा चालू. मग एका प्लाझाच्या पार्किंगमध्ये किल्ली ऑन केल्यावर मागून घुंईं आवाज आला. सेल्फ मारताना काटा जागचा हलला नाही, डोंगलवर आरपीएम शून्य. वीसेक मिनिटांनी परत सेल्फ मारला तर डोंगलवर एकशे ऐंशी आणि गाडी चालू.

प्रेषक: नोवाय
विषय: उत्तर: उत्तर: जुनी गाडी मधेच बंद पडते (व्हिडिओ मिळाला!)

वा! कंपनीत असतो तर तुम्हाला टेस्ट ड्रायव्हर म्हणून घेतलं असतं. ट्रॉयकर, लाल दिवे लागले, पंखा चालू राहिला, म्हणजे किल्ली ऑनवरच होती, स्विच सुटला असावा असं वाटत नाही. पंपही आवाज देतोय. राहिला क्रँक सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर.

तरी पार्ट आणण्याआधी खात्री करा. पद्मिनीच्या फडक्याचं तत्त्व बरोबर होतं, जागा चुकली. पुढच्या वेळी बंद पडली की स्प्रेच्या बाटलीने फक्त सेन्सरवर थोडं पाणी मारा (बहुतेक खाली क्रँकच्या पुलीजवळ असेल, ऑनलाइन चित्र बघून घ्या, इंजिन बंद आणि किल्ली ऑफ असताना, आणि गरम एक्झॉस्टवर पाणी जाऊ देऊ नका). नुसतं थांबून वीस मिनिटं लागतात आणि पाणी मारून दोन मिनिटांत पेटली, तर चोर सापडला. ड्राइव्हवेत करायचं तर उलटं करा, गार गाडीत सेन्सरला हेअर ड्रायरने तापवा आणि सेल्फ मारा. गार असताना मीटरने ओहम मोजून बरोबर आला म्हणून कोणी सेन्सर चांगला म्हणालं तर ऐकू नका, तो गार असताना चांगलाच असतो, तीच तर अडचण आहे. आणि कनेक्टर उघडून बघा, आत तेल गेलेलं असतं कधी कधी.

प्रेषक: फार्मिंग्टन हिल्स
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जुनी गाडी मधेच बंद पडते (व्हिडिओ मिळाला!)

म्हणजे फडका शेवटी लागलाच की नाही! माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही :)

प्रेषक: कॅन्टन
विषय: सापडलं, आणि थंडीचंसुद्धा

मंडळी,

हेअर ड्रायर माझा, जळका वास त्याला लागला तो अजून जात नाही, पण गाडी पाच-सात मिनिटांत बंद पडली ती पडलीच, बाटलीने पाणी मारलं आणि लगेच पेटली. दुसऱ्या एका मेकॅनिककडे व्हिडिओ दाखवून सेन्सर बदलून घेतला, चाक आणि खालचं प्लॅस्टिक काढावं लागलं, पार्ट आणि मजुरी मिळून पंपाच्या तिसऱ्या हिश्श्यात झालं. त्यानंतर भर दुपारी तोच फोर्ड रोड भरपूर पिदडला, काटा जागेवर.

थंडीचं काकांनी नाटकाच्या तालमीच्या वेळी हायस्कूलच्या पार्किंगमध्ये बघितलं. मी म्हंटलं आत्ता तर उकाडा आहे, आत्ता काय दिसणार, तर म्हणाले अर्थिंग खराब असेल तर उन्हाळ्यातही मोजता येतं, थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि मग तेवढी खराबीसुद्धा जड जाते. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे उत्तम. मग मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबाला, क्लॅम्पला नाही, थेट खांबाला, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे फार तर अर्धा व्होल्ट दिसायला हवा म्हणे, दिसला १.३. अर्थिंगची केबल इंजिनला जिथे बोल्टने बसते तिथे हिरवट पांढरी बुरशी, वरून दिसतच नव्हती, दरवर्षी रस्त्यावर मीठ टाकतात त्याचा प्रताप. बोल्ट काढून सँडपेपरने घासली, परत आवळली, मोजलं तर ०.२. म्हणजे गेल्या थंडीत नवी बॅटरी घालूनही खट् खट् का चालू होती ते कळलं. केबल जुनीच आहे, ती थंडीच्या आधी बदलायला सांगितलीय.

आणि बॅटरी, प्लग, फिल्टरचे पैसे गेले ते गेले, पण फ्युएल पंप अजून कंपनीतून आला तोच आहे.

प्रेषक: नोवाय
विषय: उत्तर: सापडलं, आणि थंडीचंसुद्धा

टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका, पंप पेट्रोलनेच गार राहतो, अजून बरीच वर्षं काढेल. आणि माझ्या मीटरची लाल तार तुमच्या गाडीत राहिलीय, आरतीला येताना घेऊन या.