अनुभव धागा : तुमच्या लाइव्हची स्ट्रीम की कोणाकोणाकडे आहे?

नौपाडाकर : काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये गणपतीची आरती लाइव्ह करायचा विषय निघाला आणि मला 2021 आठवलं. आरतीला मोजकी माणसं, बाकी सगळे यूट्यूबवर. शूटिंगवाल्या मुलाने ओबीएस (लाइव्ह करायचं सॉफ्टवेअर) लावलं, मी स्ट्रीम की, म्हणजे ज्याच्याकडे असेल त्याला आपल्या चॅनेलवर लाइव्ह करता येतं तो गुप्त कोड, त्याला व्हॉट्सॲप केली. विसर्जन झालं, मांडव सुटला, स्ट्रीम की त्याच्याकडे तशीच राहिली. नोव्हेंबरात तुळशीची लग्नं लागली आणि एका रात्री साडेनऊला आत्याचा फोन : "अरे, तुमच्याकडे हळद कोणाची?" आमच्या चॅनेलवर अनोळखी घरातली हळद चालू! नवरीच्या गालाला हळद लावणारी थरथरत्या हाताची आजी, सगळं उघड्यावर. शूटिंगवाल्या पोराने तिथे जुन्याच सेटिंगवर, आमच्याच कीवर, स्टार्ट दाबलेलं आणि आमचं ऑटो-स्टार्ट चालू, म्हणजे आपोआप लाइव्ह. आजही चुटपुट लागते. तुमच्याकडे असं काही झालंय?

ऐरोलीची ताई : कुकर लावून लिहितेय. आमच्या भजनी मंडळात चौघींकडे एकच पासवर्ड, त्यात एकीचा फोन लोकलमध्ये गेला. रात्रभर झोप नाही. आता यूट्यूब स्टुडिओतल्या परमिशन्समधून ज्याला त्याला आपापल्या मेलवरून जोडलंय, पासवर्ड कोणालाच नाही.

वाशी सेक्टर 17 : आमच्या वायफायचा पासवर्ड लिफ्टमध्येच चिकटवलाय!!

ऐरोलीची ताई : अहो, काढायला लावा आधी.

घोडबंदर : भाच्याला स्पॉन्सरशिपचा मेल आला, सोबत फाइल. उघडली आणि तासाभरात चॅनेलचं नाव बदललं, वर क्रिप्टोचं लाइव्ह. पासवर्डनंतर ओटीपी मागणारं टू-स्टेप होतं हो! पण ब्राउझरमधलं चालू लॉगिनच चोरलं, मग ओटीपी विचारतंय कोण. 20 सप्टेंबर 2024 ला खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या चॅनेलवर क्रिप्टोची जाहिरात झळकली होती. पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

नेरूळ : बिचारा. परत मिळालं का चॅनेल?

घोडबंदर : मिळालं, व्हिडिओंसकट.

नेरूळ : माझा गाण्याचा क्लास आहे. ओबीएस शिकताना स्क्रीन शेअर केली, स्ट्रीम की ठिपक्यांतच होती, तरी 'शो' दाबलं. तीस जणांनी पाहिली. लगेच रिसेट केली.

नौपाडाकर : तेच. स्टुडिओत कीशेजारीच रिसेट आहे. जुनी तिथेच मरते. शूटिंगवाला निघाला की त्याच दिवशी करा, माणूस कितीही ओळखीचा असो.

वाशी सेक्टर 17 : लिफ्टमधला कागद फाडला. उद्या पाणी येणार नाही म्हणे, कोणाकडे नोटीस आलीय?

नेरूळ : आमच्याकडे नाही. नौपाडाकर, त्या हळदीवाल्यांना कळलं का?

नौपाडाकर : हो. व्हिडिओ लगेच प्रायव्हेट केला, मुलाकडून नंबर घेऊन नवरीच्या वडिलांना फोन केला. त्यांचे नातेवाईक तासभर दुसऱ्याच लिंकवर काळा पडदा बघत बसलेले. मी माफी मागत होतो, तर ते म्हणाले, "डिलीट करू नका हो, आधी आम्हाला पाठवा." पेन ड्राइव्हवर टाकून दुसऱ्या दिवशी कळव्याला नेऊन दिला.

ऐरोलीची ताई : 🙏 शिट्टी झाली, पळते.